मास्तर कोणत्या भाषेत लिहावा

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या ऑफिसात ‘हरिओम’ म्हणतात. देवधर्माशी त्याचा काडीचा संबंध नाही. हाती घेतलेलं काम अर्ध्यावर मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची त्याला खोड आहे, म्हणून आधी ‘पुनश्च हरिओम’ म्हणायचे, मग नुसतं ‘हरिओम’ राहिलं. मी त्याला भाऊ म्हणते. त्याच्याबद्दल चार चांगल्या गोष्टीही मी सांगणार आहे, पण माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

भाऊ प्रोग्रॅमर आहे. शहराच्या पाणीपुरवठ्याची बिलं काढणारा एक जुनापुराणा प्रोग्रॅम आहे, तो सांभाळायचं त्याचं काम. ज्यांनी तो लिहिला ती माणसं केव्हाच निवृत्त झाली. काय बिघडलं की ह्याला बोलावणं येतं, हा जाऊन ठिगळ लावतो. मी घरीच शिवणकाम करते, त्यातही नवं शिवण्यापेक्षा उसवून बेतात बसवून देण्याचं काम जास्त. म्हणजे आम्हा दोघा भावंडांचं पोट दुसऱ्यानं बेतलेलं दुरुस्त करण्यावरच चालतं. मला त्याचं काही वाटत नाही. भाऊला वाटायचं. आयुष्यात एक तरी गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आपली असावी, असं तो म्हणायचा. लग्न त्यानं केलं नाही. माझं झालं होतं आणि मोडलं, ती गोष्ट इथे नको.

आता आप्पा, आमचे वडील. ते लिफ्टचे मेकॅनिक होते. लिफ्ट वर-खाली करून बघितल्याशिवाय, आणि एकदा नाही तर चारचारदा बघितल्याशिवाय, सही करायचे नाहीत. मालक लोक वैतागायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना खालच्या मजल्यावरचे एक मास्तर भेटले, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले. दोघांचा रोज दुपारी बुद्धिबळाचा डाव. मी शिवणाच्या मशीनवर बसलेली असायची आणि हे दोघे माझ्या पाठीमागे पटावर वाकलेले. मशीन थांबवलं की खोलीत काही म्हणजे काही आवाज नाही. एकेका चालीला दोघं इतका वेळ घ्यायचे की एकदा मी एक अख्खा कोट उसवून पुन्हा शिवला आणि तोवर एक प्यादं पुढे सरकलं होतं. भाऊ लहानपणापासून आप्पांकडून खेळायला शिकलेला, पण त्याला त्यांच्यासमोर टिकता यायचं नाही. सुट्टीच्या दिवशी तो त्या दोघांचा डाव बघत उभा राहायचा. मास्तरांचा खेळ त्याला तोंडपाठ होता. मास्तर घोडा कधी द्यायचे नाहीत, त्याच्या बदल्यात उंट देतील, वेळ पडली तर हत्ती देतील, पण घोडा छातीशी धरून बसायचे. आणि काही सुचेनासं झालं की कडेचं प्यादं एक घर पुढे. त्यावर आप्पा हमखास म्हणायचे, “मास्तर, अडलं वाटतं घोडं.” आणि दोघं हसायचे. रोजचा तोच विनोद आणि रोजचं तेच हसणं.

मास्तर गेले ते झोपेत. आप्पा रडले नाहीत, पट मात्र मांडून ठेवला आणि कितीतरी दिवस उचलू दिला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत आप्पांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं कपाटाकडे बोट केलं. मी आधी गोळ्या दिल्या, मग चष्मा दिला. ते चिडले. शेवटी पट काढून समोर ठेवला तेव्हा शांत झाले. एका हातानं सगळे मोहरे जागच्या जागी लावले, एकही चुकला नाही. मग पट माझ्याकडे ढकलला.

मी खेळले. दहाबारा चालींत माझा खुर्दा. पुन्हा ढकलला. पुन्हा खुर्दा. तिसऱ्या वेळी त्यांनीच तोंड फिरवलं. माझ्याशी खेळणं म्हणजे त्यांना शिक्षाच होती.

व्यायाम घ्यायला ज्या फिजिओबाई यायच्या त्या स्पष्ट बोलणाऱ्या. एकदा जिन्यात मला म्हणाल्या, “बोलणं काही परत येईल असं मला दिसत नाही. पण डोकं अजून चालतंय. त्यांना खेळायचंय ना, मग रोज खेळू द्या, भरपूर खेळू द्या. अशा माणसाला दुसरा झटका कधी येईल ते सांगता येत नाही. आणि तो आला की हेही राहणार नाही.”

मी हे शब्दन् शब्द भाऊला सांगितलं. मी म्हटलं, “तू बस ना समोर. संध्याकाळी आलास की एक डाव.”

“माझ्याशी खेळून त्यांना काय मिळणार ताई? मला ते हसतहसत गुंडाळतात. त्यांना मास्तर पाहिजेत.”

आधी त्यानं बाजारात मिळतो तसला बुद्धिबळाचा तयार प्रोग्रॅम आणून दिला. लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून मोहरा सरकवायचा, आप्पांना ते जमलं. पण पूर्ण ताकदीनं लावला तर तो प्रोग्रॅम आप्पांना उभं करेना. आणि ताकद कमी केली तर चांगलं खेळताखेळता मध्येच आपला वजीर फुकट देऊन टाकायचा. असा वजीर त्यानं तिसऱ्यांदा दिला तेव्हा आप्पांनी लॅपटॉप हातानं बाजूला सारला. कुणी मुद्दाम हरलं की ते त्यांना लगेच कळायचं. मग भाऊ म्हणाला की आप्पांसाठी मी मास्तर लिहितो. घोड्याला जास्त किंमत देणारा, सुचेना झालं की कडेचं प्यादं सरकवणारा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

आणि त्यानं लिहिला. इथे मी त्याचं कौतुक करते. ऑफिस सांभाळून, थोड्याच आठवड्यांत. त्या वेळी कॉम्प्युटरच्या कुठल्या भाषेत लिहायचा याचा त्यानं फारसा विचारच केला नाही. पायथन नावाची भाषा त्याला हाताखालची होती, त्यात पटकन लिहून होतं म्हणाला, आणि बसला.

तो लॅपटॉप आप्पांच्या पलंगावर ठेवला तो दिवस मी विसरणार नाही. आप्पांनी चाल केली. पडद्यावर काहीच होईना. भाऊ नखं चावायला लागला. मी मशीनवर बसले. बराच वेळ झाला, मी एक बाही लावून संपवली, तरी काही नाही. आणि मग पलीकडचा घोडा उठला आणि पुढे येऊन बसला. आप्पा वाकले, बघत राहिले. त्यांनीही तेवढाच वेळ घेतला. असं करतकरत दुपार झाली आणि एका ठिकाणी त्या प्रोग्रॅमनं कडेचं प्यादं एक घर सरकवलं. आप्पांच्या तोंडून आवाज आला. झटक्यानंतर त्यांचा तसला आवाज मी ऐकला नव्हता. मला वाटलं घास अडकला, मी धावले. ते हसत होते. अर्ध्याच तोंडानं, पण हसत होते.

मला वाटलं, झालं काम. कुणालाही असंच वाटलं असतं. भाऊ सोडून.

“एका चालीला चार-पाच मिनिटं!” तो माझ्याकडे बघून पुटपुटला. “लाज वाटते ताई. इतक्या वेळात लोकांचे प्रोग्रॅम अख्खा डाव खेळून मोकळे होतात.”

“आप्पांना कुठं गाडी पकडायचीय?”

“तुला नाही कळायचं.”

त्यातच एक चूक निघाली. प्याद्यानं प्याद्याला वाटेतच गाठून मारायचा एक आडवळणाचा नियम आहे, फार क्वचित लागतो. आप्पांनी तसं मारायला बघितलं आणि प्रोग्रॅमनं मारू दिलं नाही. आप्पांनी दोनदा बोट आपटलं, मग दुसरी चाल केली आणि खेळत राहिले. पण भाऊचा चेहरा उतरला. त्याच संध्याकाळी त्यानं लॅपटॉप आत नेला. दोन आठवड्यांत नवा आणतो, म्हणाला.

इथे त्याच्या ऑफिसातला एक सोबती या गोष्टीत येतो. उंच, किडकिडीत, सगळे त्याला लांब्या म्हणतात. माणूस मनानं चांगला, पण भाऊच्या आगीत तेल ओतायचं काम त्यानंच केलं. सुट्टीच्या दिवशी दोघं आमच्या पुढच्या खोलीत चहाचे कप घेऊन बसायचे आणि भाषांवरून वाद घालायचे. मुलगी कुठल्या घरी द्यायची यावरूनही कुणी एवढं भांडत नाही.

“पायथनमध्ये बुद्धिबळाचं इंजिन लिहितात का कुणी?” लांब्या म्हणायचा. “सी प्लस प्लस घे. पन्नासपट वेग. मोठमोठी इंजिनं सगळी त्यातच आहेत.”

“सी प्लस प्लसमध्ये एक चूक झाली की शोधताशोधता नाकी नऊ येतात.”

“मग जपून लिही.”

पलंगावरून आप्पा एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायचे. एका दिवशी त्यांनी लाकडी पट त्या दोघांच्या मध्ये सरकवला. लांब्यानं कप ठेवायला जागा व्हावी म्हणून तो उचलून खाली ठेवला. त्याच्या लक्षातही आलं नाही. मी कात्री आपटली तेव्हा दोघं दचकले.

भाऊनं सी प्लस प्लस घेतली. दोन आठवड्यांचे दोन महिने झाले. रोज घरी आला की हात-पाय धुऊन आत. मी दारात उभी राहून विचारायची, कुठवर आलं? तो सांगायचा ते माझ्या डोक्यावरून जायचं, पण सूर कळायचा. आज वेग दुप्पट झाला, आज तिप्पट झाला. सेकंदाला किती लाख चाली तपासतो तो आकडा मला ऐकवायचा. मी म्हणायची, “आप्पांना दिवसाला वीस चाली पुरतात.” मग कधीकधी तो प्रोग्रॅम मध्येच मरायचा. काही न सांगता बंद. भाऊ त्याच्या मागे दिवसचे दिवस. तेव्हा लांब्यानं नवं पिल्लू सोडलं. रस्ट म्हणून एक भाषा आहे, वेग तोच, आणि असल्या चुका ती करूच देत नाही, लिहितानाच पकडते. भाऊनं आठवडाभर वाचन केलं आणि निम्म्याहून जास्त झालेलं काम बाजूला ठेवून दिलं. पुनश्च हरिओम.

त्या दिवशी मी खूप भांडले. “हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलायस,” मी म्हटलं. “तो जुना चालत होता ना? तो दे लावून. नवा व्हायचा तेव्हा होईल.”

“त्यात चूक आहे ताई. आप्पांनी बघितलीय ती. चुकीचं खेळणारा मास्तर कसा देऊ त्यांना?”

“मग ती चूक काढ.”

“काढायची तर सगळं पुन्हा उघडावं लागेल. त्यात वेळ घालवण्यापेक्षा तोच वेळ नव्याला नाही का देणार? थोडंच राहिलंय.”

आणि हे तो अगदी मनापासून बोलत होता. तीच तर गोष्ट आहे. भाऊ आळशी असता, निष्ठुर असता, तर मी कधीच त्याला बाजूला करून दुसरा मार्ग काढला असता. पण त्याचे डोळे खोल गेले होते, ऑफिसात बोलणी खात होता, आणि हे सगळं आप्पांसाठी करत होता. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? आप्पांना आंघोळ घालताना, सूप भरवताना मी मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायची आणि त्याच्यासाठी ताट झाकून ठेवायची.

आप्पा रोज सकाळी आतल्या दाराकडे बोट करायचे. मी म्हणायची, “होतंय आप्पा, थोडंच राहिलंय.” पुढेपुढे ते दुपारनंतरच बोट करायला लागले. मग एखाद्या दिवशी करायचे, एखाद्या दिवशी नाही. एक दिवस सूप पिताना त्यांची मान कलली आणि डोळे काही क्षण कुठेच बघेनात. हॉस्पिटलात नेलं, दोन दिवस ठेवलं. छोटासाच झटका, म्हणाले, निभावलं. घरी आणलं तर वरवर काहीच बदललं नव्हतं. खात होते, बघत होते, माझा हात धरत होते. फक्त आतल्या दाराकडे बोट करायचं थांबलं होतं. भाऊला मी ते सांगितलं. तो रात्रंदिवस एक करायला लागला.

रस्टमधला मास्तर शेवटी झाला. खरोखर झाला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. भाऊनं रजा काढली, दाढी केली, लॅपटॉप पुसून आप्पांच्या पुढ्यात ठेवला. आप्पांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, आणि त्यांचं बोट उचलायच्या आत समोरचं प्यादं पुढे आलेलं होतं. आप्पांनी हात असा मागे घेतला की जणू कुणी चापट मारली.

“घाबरले,” मी म्हटलं.

भाऊनं लॅपटॉप घेऊन तिथेच, पलंगाच्या कडेला बसून एक ओळ लिहिली. काय लिहिलंस, मी विचारलं. मग म्हणाला, “चाल शोधून झाली तरी काही मिनिटं नुसतं थांबायला सांगितलंय त्याला.”

एवढा जन्म काढून आणलेला वेग, आणि त्याला आता हाताची घडी घालून बसवलं होतं.

आप्पा पुन्हा खेळायला लागले. मास्तर थांबून थांबून चाल करत होता. चार-पाच चाली झाल्या. मग आप्पांनी घोड्यावर बोट ठेवलं, तो सरळ रेषेत तीन घरं पुढे ओढला आणि सोडला. पडद्यातून टुक असा आवाज आला आणि घोडा उडून परत आपल्या जागी गेला. आप्पांनी पुन्हा ओढला. पुन्हा टुक. पुन्हा ओढला. ते चिडले नाहीत. समजुतीनं, धीरानं, पुन्हा पुन्हा तोच घोडा त्याच घरात नेऊन ठेवत होते, आणि तो परत येत होता.

भाऊ पुढे आला आणि लॅपटॉप उचलला.

“घोड्याच्या चालीत काहीतरी गडबड आहे,” तो म्हणाला. “एखादी अट उलटी पडली असेल. बघतो.”

त्याला खरंच तसं वाटलं. त्यानं पडद्याकडे बघितलं होतं, आप्पांकडे नाही. ज्या माणसानं त्याला घोडा चालवायला शिकवला तो माणूस घोडा चुकवेल, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. चुकायचा तो प्रोग्रॅमच चुकणार. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पहिला संशय आपल्याच लिहिण्याचा येतो, हा त्यांच्या धंद्यातला चांगला गुणच म्हणायचा.

“भाऊ,” मी म्हटलं, “राहू दे ते. इकडे बघ.”

“ताई, एक दिवस दे मला.”

तो आत गेला. मी लाकडी पट काढून आप्पांसमोर ठेवला आणि मोहरे लावून दिले, कारण ते त्यांना लावता येईनात. आप्पांनी घोडा उचलला, सरळ पुढे नेऊन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पूर्वीसारखंच. आता तुझी खेळी, असं. मी एक प्यादं सरकवलं. त्यांनी माझंच एक प्यादं उचललं आणि आणखी पुढे सरकवून दिलं, खुशीत. मी खेळत राहिले. मला दिसेनासं झालं होतं तरी खेळत राहिले.

भाऊ आतच होता. असले प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी म्हणे पटावरच्या ठरावीक मांडण्यांमधून किती चाली निघायला हव्यात त्याचे आकडे काढून ठेवलेले असतात. आपल्या प्रोग्रॅमचा आकडा त्यांच्याशी जुळला की चाली बरोबर. तो ते एकेक लावून बघत होता. मी जेवायला हाक मारली की “आलो” म्हणायचा आणि यायचा नाही. लांब्याला फोन लावून त्यानं त्याच्याकडूनही सगळं तपासून घेतलं.

बाहेर आला तेव्हा आप्पा झोपले होते आणि मी एका पँटची शिवण उसवत होते. तो माझ्या मशीनशेजारी जमिनीवरच बसला. मी तोंड उघडलं होतं. बैल गेला आणि झोपा केलास, असं त्याला सुनावायचं मी कधीपासून ठरवून ठेवलं होतं. पण त्याचा चेहरा बघितला आणि पुन्हा शिवण उसवायला लागले.

“सगळं तपासलं ताई,” तो म्हणाला. “घोडा बरोबर आहे. सगळंच बरोबर आहे.”

“हो रे.”

तो आप्पांकडे बघत होता. किती दिवसांनी बघत होता कोण जाणे.

“माझ्यात कुठंतरी चूक निघाली असती तर बरं झालं असतं गं,” तो म्हणाला. “मी काढली असती.”